दीर्घकालीन फुफ्फुसविकारांतील श्वसननिरीक्षण

दीर्घकालीन फुफ्फुसविकारांतील श्वसननिरीक्षण म्हणजे दमा, दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकार (सीओपीडी), फुफ्फुसांचे तंतुमय विकार, ब्रॉन्किएक्टॅसिस, क्षयरोगानंतर उरलेली फुफ्फुसहानी यांसारखे आजार असलेल्या व्यक्तीच्या श्वसनातील बदल ठरावीक पद्धतीने पाहणे, मोजणे व नोंदवणे होय. यात श्वसनाचा दर, धाप लागण्याचे प्रमाण, खोकला व कफ, रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता, फुफ्फुसांची क्षमता आणि रुग्णाची चालण्याची ताकद यांचा समावेश होतो. आजार अचानक बळावण्याची चाहूल वेळेत लागणे, उपचार लागू पडतात की नाही हे कळणे आणि फुफ्फुसांची झीज किती वेगाने होत आहे याचा अंदाज येणे, हे निरीक्षणाचे तीन मुख्य हेतू आहेत.

या आजारांत गमावलेली फुफ्फुसक्षमता बहुधा परत मिळत नाही. मात्र ती हळूहळू कमी होत असल्यामुळे रुग्ण नकळत आपली हालचाल कमी करत जातो आणि दम लागण्याला वय, थकवा किंवा अशक्तपणा समजतो. त्यामुळे निदान अनेकदा उशिरा होते. सोलापूर जिल्ह्यातील कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतींसारख्या ठिकाणी, जेथे राहते घर हेच धुळीचे कामाचे ठिकाण असते, तेथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

पार्श्वभूमी

जागतिक रोगभार अभ्यासाच्या भारतविषयक अहवालानुसार १९९० साली देशात सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ही संख्या सुमारे ५ कोटी ५३ लाखांवर पोहोचली. त्याच वर्षी दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के असताना दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुर्वर्षांत मात्र तो सुमारे ३२ टक्के होता. याच अहवालात सीओपीडीमुळे होणाऱ्या हानीपैकी ५३.७ टक्के वायुप्रदूषणाशी, २५.४ टक्के तंबाखूच्या वापराशी आणि १६.५ टक्के व्यवसायातील धोक्यांशी जोडलेली आढळली.

सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि ब्रिटिश संशोधक पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा आढावा घेतला. चुलीतील लाकूड, गोवऱ्या व काडीकचरा यांचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ व वायू, पूर्वी झालेला क्षयरोग आणि बालपणातील श्वसनसंसर्ग यांकडे त्यांनी लक्ष वेधले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील स्त्रियांच्या बाबतीत चुलीचा धूर हे कारण विशेष महत्त्वाचे आहे.

श्वसनात कोणते बदल होतात

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. श्वास आत घेताना छाती व पोट दोन्ही फुगतात. श्वास सोडण्यासाठी सहसा वेगळे श्रम पडत नाहीत.

सीओपीडी व दम्यात श्वासनलिका अरुंद होतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. आतच अडकून राहिलेल्या हवेमुळे फुफ्फुसे फुगलेली राहतात आणि पुढचा श्वास घेण्यास जागा कमी उरते. चालताना किंवा जिना चढताना श्वसनदर वाढतो, श्वास सोडण्यास मिळणारा वेळ आणखी कमी होतो आणि अडकलेली हवा वाढते. बसलेली असताना ठीक वाटणारी व्यक्ती चार पावले चालताच धापा टाकू लागते, ती यामुळेच. तंतुमय विकारांत याउलट फुफ्फुसे ताठर होतात. अशा रुग्णांचा श्वास उथळ व जलद होतो आणि श्रमानंतर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो.

उपकरणाशिवाय दिसू शकणारी लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

- श्वास सोडण्यास लागणारा वेळ वाढणे व छातीतून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे
- ओठ मुडपून, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडणे
- गुडघ्यांवर किंवा कठड्यावर हात टेकून, पुढे वाकून बसणे
- मानेचे व खांद्यांचे स्नायू श्वासासाठी वापरले जाणे, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे
- एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता न येणे
- आडवे झोपता न येणे, उशांची संख्या वाढणे
- ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसणे

रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागल्यास सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी श्वास मंद झालेला दिसला तरी ती सुधारणा नसते. थकलेल्या स्नायूंनी काम सोडून दिल्याची ती खूण असू शकते.

इतिहास

श्वसनाचे मोजमाप करणारी अनेक साधने कष्टकऱ्यांच्या आजारांच्या अभ्यासातून पुढे आली. इंग्लंडमधील जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटर या उपकरणाविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोन हजारांहून अधिक व्यक्तींची फुफ्फुसक्षमता मोजली आणि ती उंचीनुसार वाढते व वयानुसार घटते, असे दाखवले. ठरावीक वेळात किती हवा बाहेर टाकली जाते हे मोजण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील रोबेर तिफनो यांनी मांडली. आजच्या स्पायरोमेट्रीचा पाया तोच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास वेल्समधील कोळसा खाणींत काम करणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसविकारांचा अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या न्यूमोकोनिओसिस विभागात चालू होता. तेथील चार्ल्स फ्लेचर यांनी मजुरांना रोजच्या चालण्याविषयी साधे प्रश्न विचारून धापेची प्रतवारी ठरवली. तिचीच सुधारित आवृत्ती आज जगभर वापरली जाते. याच विभागात काम केलेले मार्टिन राइट यांनी १९५९ साली सहकाऱ्यासह पीक फ्लो मीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याची लहान व स्वस्त आवृत्ती निघाली आणि रुग्णाला घरच्या घरी मोजमाप करणे शक्य झाले.

बोटाला चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज घेणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधले. २०२० च्या कोविड-१९ साथीत हे उपकरण महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोहोचले.

निरीक्षणाच्या पद्धती

श्वसनदर

श्वसनदर मोजण्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरेसे असते. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे शांत बसवून छातीचे किंवा पोटाचे उठणे-बसणे पूर्ण एक मिनिट मोजले जाते. १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास एका श्वासाच्या चुकीची चार श्वासांची चूक होते. आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून श्वास मोजण्याची जुनी वैद्यकीय रीत आहे.

एकाच वेळच्या आकड्यापेक्षा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या दराशी केलेली तुलना उपयोगी असते. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांवरील काही अभ्यासांत रुग्णालयात दाखल होण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत श्वसनदर वाढलेला आढळला आहे. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला २४ किंवा त्याहून अधिक श्वास होत असल्यास सीओपीडीच्या रुग्णात आजार साध्या पातळीपलीकडे बळावल्याचे ते एक लक्षण मानले जाते.

धापेची प्रतवारी

धाप ही रुग्णाची अनुभूती असल्याने ती विचारूनच कळते. सुधारित एमआरसी श्रेणीत पाच पायऱ्या आहेत:

- श्रेणी ० : केवळ जड श्रमांनंतर धाप लागते.
- श्रेणी १ : सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा सौम्य चढ चढताना धाप लागते.
- श्रेणी २ : धापेमुळे समवयस्कांपेक्षा सावकाश चालावे लागते किंवा स्वतःच्या गतीने चालतानाही थांबावे लागते.
- श्रेणी ३ : सपाट रस्त्यावर सुमारे १०० मीटर किंवा काही मिनिटे चालल्यावर श्वास घेण्यासाठी थांबावे लागते.
- श्रेणी ४ : घराबाहेर पडता येत नाही किंवा कपडे बदलतानाही धाप लागते.

सीओपीडी मूल्यमापन चाचणी या प्रश्नावलीत खोकला, कफ, छाती भरल्यासारखी वाटणे, चढताना लागणारा दम, घरकामातील अडचण, बाहेर पडण्याचा आत्मविश्वास, झोप व उत्साह असे आठ प्रश्न असतात. एकूण गुण ० ते ४० पर्यंत असतात आणि २ गुणांचा फरकही रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला जातो.

स्पायरोमेट्री

सीओपीडीच्या निदानासाठी स्पायरोमेट्री आवश्यक असते. रुग्ण खोल श्वास घेऊन तो नळीतून शक्य तितक्या जोराने व पूर्ण बाहेर टाकतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे, जोराने बाहेर टाकलेल्या एकूण हवेशी असलेले गुणोत्तर श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिल्यास हवेच्या मार्गात कायमचा अडथळा असल्याचे समजतात. पहिल्या सेकंदातील हवा अपेक्षित प्रमाणाच्या ८० टक्के वा अधिक असल्यास अडथळा सौम्य, ५० ते ७९ टक्के असल्यास मध्यम, ३० ते ४९ टक्के असल्यास तीव्र आणि ३० टक्क्यांहून कमी असल्यास अतितीव्र गणला जातो. ठरावीक अंतराने केलेल्या चाचण्यांतून झिजेचा वेग कळतो.

पीक फ्लो मीटर

या साधनाने श्वास सोडण्याचा कमाल वेग मिनिटाला किती लिटर आहे ते कळते. रुग्ण सरळ उभा राहून तीनदा फुंकतो आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवतो. दम्यात हे साधन विशेष उपयोगी आहे, कारण दम्याच्या रुग्णाचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो. आजार आटोक्यात असतानाचा सर्वोत्तम आकडा आधार धरून ८० टक्क्यांपुढे हिरवा, ५० ते ८० टक्क्यांदरम्यान पिवळा आणि ५० टक्क्यांखाली लाल असे तीन पट्टे केले जातात. सीओपीडीत दिवसागणिक चढउतार कमी असल्याने याचा उपयोग मर्यादित राहतो.

पल्स ऑक्सिमीटर

निरोगी व्यक्तीत ऑक्सिजनची संपृक्तता सहसा ९५ टक्के किंवा अधिक असते. जुन्या फुफ्फुसविकारात ती कायमच त्याखाली असू शकते. म्हणून रुग्ण बरा असतानाचा आकडा लिहून ठेवणे आणि त्यातील घट पाहणे महत्त्वाचे असते. नखांवरील रंग किंवा मेंदी, थंड पडलेले हात आणि बोटाची हालचाल यांमुळे चुकीचे आकडे येतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची लपलेली कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा उपकरणाच्या नजरेतून सुटल्याचे आढळले. गडद त्वचेच्या लोकसंख्येत हे उपकरण वापरताना ही बाब लक्षात घ्यावी लागते. शिवाय ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. त्यासाठी धमनीतील रक्ताची तपासणी करावी लागते.

सहा मिनिटे चालण्याची चाचणी

रुग्णाला ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत सहा मिनिटे स्वतःच्या गतीने चालवून पार केलेले अंतर मोजतात आणि आधी व नंतर ऑक्सिजन, नाडी व धाप नोंदवतात. बसल्या जागी लपून राहणारी कमतरता या चाचणीत उघड होते. दोन चाचण्यांतील सुमारे ३० मीटरचा फरक लक्षणीय मानला जातो.

आजार बळावण्याची चाहूल

सीओपीडीत धाप, खोकला किंवा कफ १४ दिवसांच्या आत नेहमीपेक्षा वाढल्यास आजार बळावला असे म्हणतात. विषाणूसंसर्ग, जिवाणूसंसर्ग आणि हवेतील प्रदूषण ही त्याची नेहमीची कारणे होत. कॅनडातील अँथोनिसेन व सहकाऱ्यांनी १९८७ साली वाढलेली धाप, कफाचे वाढलेले प्रमाण आणि कफाचा पूसारखा झालेला रंग ही तीन लक्षणे निकष म्हणून वापरली. प्रतिजैविक औषधांचा निर्णय घेताना डॉक्टर आजही त्यांचा आधार घेतात. पांढरा कफ पिवळा किंवा हिरवट होणे ही घरच्या घरी पाहता येणारी खूण असल्याने ती रुग्णाला समजावून दिली जाते.

तातडीने आराम देणारा इनहेलर किती वेळा लागतो, हीदेखील महत्त्वाची नोंद आहे. दम्याच्या रुग्णास तो आठवड्यात दोनहून अधिक दिवस लागत असल्यास आजार पुरेसा आटोक्यात नसल्याचे मानतात. ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजामुळे अनेक रुग्ण नियमित इनहेलर टाळतात आणि धाप असह्य झाल्यावरच उपचार घेतात. अशा वेळी इनहेलरचा कमी वापर हा सुधारणेचा पुरावा ठरत नाही.

पूर्ण वाक्य बोलता न येणे, ओठ निळे पडणे, गुंगी किंवा गोंधळ, नेहमीच्या औषधाने आराम न पडणे आणि ऑक्सिजन नेहमीच्या पातळीवरून झपाट्याने खाली जाणे ही आणीबाणीची लक्षणे आहेत. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

ऑक्सिजन देतानाही निरीक्षण आवश्यक असते. सीओपीडीच्या काही रुग्णांत अतिरिक्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणून त्यांच्यासाठी संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राखण्याचे उद्दिष्ट ठेवतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा मोजून दिलेला ऑक्सिजन सरसकट जास्त प्रवाहाने दिलेल्या ऑक्सिजनपेक्षा कमी मृत्यूंशी संबंधित आढळला. घरी ऑक्सिजन सिलिंडर किंवा यंत्र असणाऱ्या कुटुंबाने प्रवाह स्वतःहून वाढवू नये, या सूचनेमागे हेच कारण आहे.

कुंभारी येथील परिस्थिती

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव सोलापूर शहराजवळ आहे. कापडगिरण्या, यंत्रमाग आणि विडी हे सोलापूरचे जुने उद्योग होत. विड्या वळण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात व त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली समाजातील स्त्रियांची संख्या मोठी आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर उभारलेल्या रे नगर या असंघटित कामगारांच्या वसाहतीतील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. विडी कामगारांसह यंत्रमाग कामगार, कागद-काच-पत्रा वेचणारे आणि फेरीवाले येथील लाभार्थींत आहेत. यांतील बहुतेक व्यवसायांचा धूळ, तंतू किंवा धूर यांच्याशी संबंध येतो.

घर हेच कामाचे ठिकाण

विडी कामगार स्त्रिया कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घरी आणतात. पाने भिजवून कापली जातात, त्यांत तंबाखू भरून विडी वळली जाते आणि दोऱ्याने बांधली जाते. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. मांडीवरील सुपात असलेल्या सुक्या तंबाखूची बारीक धूळ नाकातोंडाजवळच उडत राहते. विडी न ओढताही या धुळीचा श्वासनलिकांना त्रास होतो.

कामामुळे होणारा दमा ओळखण्यासाठी कामाच्या दिवशीचे व सुट्टीच्या दिवशीचे पीक फ्लो आकडे ताडून पाहण्याची पद्धत आहे. कापूसधुळीमुळे होणाऱ्या बायसिनोसिस या गिरणी कामगारांच्या आजारात सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. निदानाची ती प्रसिद्ध खूण आहे. विडी कामगार स्त्रीच्या बाबतीत ही तुलना कोलमडते. तंबाखू ज्या खोलीत ठेवलेली असते त्याच खोलीत ती स्वयंपाक करते व झोपते. सुट्टीच्या दिवशीही धूळ घरातच असते. काही दिवस दुसऱ्या घरी, माहेरी किंवा गावी राहिल्यावर खोकला कमी होतो का, हा प्रश्न अशा वेळी सुट्टीविषयीच्या प्रश्नापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो. घरातील मुले व वृद्ध यांनाही तीच हवा मिळत असल्याने निरीक्षण एका व्यक्तीपुरते ठेवता येत नाही.

बैठ्या कामात झाकलेली धाप

वेल्सच्या खाण कामगाराला कामावर चालत जावे लागे. त्यामुळे धापेची प्रतवारी चालण्यावर आधारलेली आहे. विडी वळणे हे मात्र बैठे काम आहे. फुफ्फुसांची क्षमता बरीच घटेपर्यंत अशा कामात धाप जाणवत नाही. मजुरी नगावर असल्याने वळलेल्या विड्यांची संख्या कमी होणे हीच पहिली खूण ठरू शकते, पण तिचे कारण डोळे, बोटे किंवा पाठ यांतही शोधले जाते. म्हणून अशा वस्तीत ‘तुम्हाला धाप लागते का’ या प्रश्नाऐवजी तयार माल कारखान्यात नेताना वाटेत थांबावे लागते का, पाण्याची घागर किंवा हंडा उचलून चालता येते का, जिना एका दमात चढता येतो का, पूर्वी स्वतः करत असलेले कोणते काम आता घरातील दुसरे कोणी करते, असे प्रश्न अधिक माहिती देतात.

भाषा

सोलापूर परिसरात मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा बोलल्या जातात. मराठीत ‘धाप’, ‘दम लागणे’ आणि ‘दमा’ हे शब्द जवळचे असले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. दम लागतो असे सांगितल्यास लोक आपल्याला दमा ठरवतील, या भीतीने लक्षण लपवले जाऊ शकते. तेलुगूत धापेस ‘आयासम्’ आणि कन्नडात ‘एदुसिरु’ असे शब्द आहेत. प्रश्नावली रुग्णाच्या घरच्या भाषेत विचारली न गेल्यास मिळणारे गुण विश्वासार्ह राहत नाहीत.

आरोग्यसेवा

कुंभारी येथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. सोलापूर शहरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विडी कामगार कल्याण निधीतून विडी कामगारांसाठी दवाखाने व वैद्यकीय साहाय्याच्या योजना देशभर राबवल्या गेल्या.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाब व कर्करोग यांबरोबर दीर्घकालीन श्वसनविकारांचाही समावेश आहे. आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तपासणी तक्ता भरतात, त्यात धाप, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, स्वयंपाकाचे इंधन आणि व्यवसायातील धूर-धूळ यांविषयी प्रश्न असतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी केली जाते. ती निर्दोष आल्यावर खोकल्याचा शोध तेथेच थांबल्यास सीओपीडी व दम्याचे रुग्ण निदानाविना राहतात.

घरगुती नोंदवही

घरच्या निरीक्षणासाठी साधी वही पुरते. रोज शक्यतो एकाच वेळी, विश्रांतीनंतर, श्वसनदर, नाडी, उपलब्ध असल्यास ऑक्सिजनचा आकडा, कफाचा रंग व प्रमाण, रात्री झोपमोड झाली का आणि तातडीचा इनहेलर किती वेळा लागला या गोष्टी लिहिल्या जातात. शेजारी त्या दिवशीची विशेष परिस्थिती नोंदवतात: चूल पेटवली होती, नव्या तंबाखूचे पोते उघडले, कचरा जाळला जात होता, सर्दीचा रुग्ण घरी होता, जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत जाणे झाले, एप्रिल-मेमधील चाळिशीपार उन्हात चालावे लागले. काही आठवड्यांत त्रास कशाने वाढतो याचा आराखडा स्पष्ट होऊ लागतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी हिरवा, पिवळा व लाल अशा तीन रंगांचे कॅलेंडर वापरता येते.

नोंदीला कृतीची जोड असणे आवश्यक आहे. पिवळ्या अवस्थेत कोणते औषध किती घ्यायचे, कोणास कळवायचे आणि लाल अवस्थेत कोठे जायचे हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या पत्रकास कृती आराखडा म्हणतात.

मर्यादा व मतभेद

अधिक मोजमाप म्हणजे अधिक सुरक्षितता, असे संशोधनातून सरसकट सिद्ध झालेले नाही. स्कॉटलंडमधील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांचे दूरस्थ यंत्रांद्वारे रोज निरीक्षण केल्याने रुग्णालयातील भरती लांबली नाही. कृती आराखड्यासह दिलेल्या स्वव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाने श्वसनविकारांमुळे होणाऱ्या भरती कमी झाल्याचे एकत्रित आढाव्यांत दिसते. मात्र अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अशीच एक चाचणी प्रशिक्षण दिलेल्या गटात अधिक मृत्यू आढळल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कारण स्पष्ट झाले नाही. रुग्णाला केवळ वही व औषधे देऊन एकट्याने निर्णय घेण्यास सोडू नये, असा इशारा मात्र त्यातून घेतला जातो.

सतत आकडे पाहिल्याने काही रुग्णांची चिंता वाढते आणि चिंतेमुळे श्वास अधिक जलद होतो. याउलट ऑक्सिजनचा चांगला आकडा पाहून गंभीर धापेकडे दुर्लक्ष होण्याचाही धोका असतो. आकडा व रुग्णाची अवस्था यांत विसंगती असल्यास रुग्णाच्या अवस्थेस प्राधान्य देतात.

निरीक्षणाने धूळ कमी होत नाही, ही त्याची मूलभूत मर्यादा आहे. तंबाखू राहत्या खोलीपासून वेगळी व झाकून ठेवणे, हवा खेळती ठेवणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसणे आणि स्वयंपाकासाठी धूररहित इंधन वापरणे यांनी धुळीचा व धुराचा संपर्क घटतो. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून गॅसजोडण्या दिल्या गेल्या असल्या तरी सिलिंडरचा खर्च न परवडल्यास चूल पुन्हा पेटते. विडी कामगार स्त्रीस धुळीपासून दूर राहण्याचा सल्ला म्हणजे रोजची मजुरी सोडण्याचा सल्ला ठरतो. त्यामुळे पर्यायी रोजगार, स्वतंत्र कार्यशेड आणि नियमित तपासणी हे विषय वैद्यकीय असण्याइतकेच कामगार कल्याणाचेही आहेत.